बाबांना न ऐकू येणारं चितळ

कुवेतहून परतताना मामानं एक जपानी कॉम्प्युटर आणला होता. सगळं यंत्र कीबोर्डातच, बटणांवर इंग्रजीशेजारी अरबी अक्षरं. तो टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायचा. मामाच्या मुलांना लवकरच त्याचा कंटाळा आला आणि तो कॉम्प्युटर बल्लारपूरला आमच्या घरी आला. नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. मी टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. कॉम्प्युटरसोबतच्या पुस्तकावरून 'बेसिक' ही प्रोग्रॅमची भाषा शिकलो आणि सुटीच्या दिवशी गेम लिहायला लागलो.

पूर्ण झालेला पहिला गेम मोहफुलांचा होता. एक बाई झाडाखाली फुलं वेचते. मधेच चितळ ओरडतं, म्हणजे वाघ जवळ आला. लगेच बटण दाबून तिला झाडावर चढवायचं. चितळाची हाक म्हणून मी एक बारीक, टोकदार शिट्टी बसवली होती. ती जमवताना फार मजा आली होती.

आईनं पहिल्याच दिवशी टोपली भरली. बाबांची बाई मात्र दर वेळी वाघाच्या तोंडी जायची. बाबा आरा मशीनवर सागवान कापायचे. हात इतका चपळ, की त्यांचं हे हरणं मला समजेना.

"अजी, हरीण ओरडलं का चढाचं ना! पाहत काऊन राह्यता?" आई म्हणाली.

"कुठी ओरडलं? मले तं एकदम वाघच दिसते."

मी टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवला. आईनं कानांवर हात ठेवले. बाबा शांतपणे पडद्याकडे बघत राहिले आणि वाघानं बाईला नेलं.

मी गेम थांबवला. जाड आवाजापासून सुरू होऊन हळूहळू बारीक होत जाणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. बाबांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि ऐकू आलं की हात वर करायला सांगितलं. हात वर होत राहिला, मग थांबला. टीव्ही वाजतच होता. आई माझ्याकडे बघत होती.

"बंद केला का रे?" बाबांनी विचारलं.

"नाई," आई हळूच म्हणाली. तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

चंद्रपूरच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. करवतीच्या आवाजानं बारीक आवाज ऐकू येणं गेलंय, ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळा, असं त्यांनी सांगितलं. परतताना आम्ही बसस्टँडच्या बाकावर बसलो. आई बाबांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाली, "मले वाटे, तुमी मुद्दाम उत्तर देत नाई. किती वर्सं राग धरून बसली मी!"

"मले वाटे, तूच आताशा तोंडातल्या तोंडात बोलते," बाबा म्हणाले.

लोक बघायला लागले, पण तिनं आवाज कमी केला नाही. बस येईपर्यंत दोघं बोलत होते.

घरी आल्यावर मी चितळाची हाक जाड केली. बाबा ऐकून हसले. "हे हरीण नाई, म्हैस होय." पण त्यांची बाई वेळेवर झाडावर चढली.

पुढे त्यांनी मालकाशी बोलून करवत सोडली आणि डेपोत लाकूड मोजायचं काम घेतलं. घरी आई काही सांगायचं असलं की आधी पंखा बंद करते आणि त्यांच्यासमोर येऊन बसते. बाबांना उकडतं, पण ते कधी तक्रार करत नाहीत.