पोचेपर्यंतचा केर

समोरच्या पडद्यावर विमान मुंगीसारखं सरकतंय. टोरांटो अजून नऊ तासांवर. माणूस प्रवासाला निघाला की तो पोचेपर्यंत आई घरात केर काढत नसे. मामा साताऱ्याला निघाला, तर दुपारपर्यंतच. माझ्यासाठी मात्र घर दीड दिवस धुळीत राहायचं. मी फोनवर "पोचले गं" म्हटलं की मगच ती केरसुणी उचलायची.

पंधरा दिवसांपूर्वी आईला अग्नी देऊन आम्ही परतलो, तेव्हा शेजारच्या काकू घर झाडायला लागल्या होत्या. बाबांनी त्यांच्या हातातून केरसुणी काढून घेतली.

"थांबा वहिनी. ती पोचल्याचं कुठे कळलंय अजून?"

आज निघतानाही पायाला धूळ लागली. उतरल्यावर मी बाबांना फोन करीन. तरी ते केर काढणार नाहीत. त्यांना अजून एक फोन यायचाय.