ओलिंपवरचा चोरीचा आळ

संशय घ्यायचाच मला पगार मिळायचा. सेंत-क्रुआ गावात आमचे मालक मोस्यू युलिस यांच्या कारखान्यात तयार झालेली प्रत्येक संगीतपेटी आधी मी ऐकायचो, खोट काढायचो, मगच ती बाहेर जायची. त्यामुळे माणसांतही मला आधी खोटच दिसायची. बायको कंटाळून म्हणायची, "अहो फिलेमॉन, निदान सूप तरी चौकशी न करता प्या!"

ओलिंप आमच्याकडे टाचण्या बसवायची. पितळी नळकांड्यावर सुरांच्या जागी आधीच भोकं पाडलेली असत. प्रत्येक भोकात केसाएवढी पोलादी टाचणी खोचायची, अशा हजारो. पेटीत नळकांडं फिरलं की त्या टाचण्यांमुळे चाल वाजायची. वीस वर्षं ती घरी खिडकीशी बसून हेच करत होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, पोट या कामावरच. बोलणं अगदी मोजकं, आणि तेच मला खटकायचं. एवढं गप्प कोण राहतं? ज्याच्या पोटात काहीतरी असतं तोच!

त्या वर्षी आमची नवी चाल आमच्याआधी पलीकडच्या गावच्या पेटीत वाजली. मालक संतापले. नळकांडं कारखान्याबाहेर नेत होती ती एकटी ओलिंप. मी म्हटलं, "मोस्यू, सापळा लावू." पुढच्या चालीत, सूर खाली यायचा तिथे मी तो मुद्दाम वर उडवला. भोक स्वतः पाडलं. आम्हा दोघांखेरीज कोणाला पत्ता नाही. टाचण्या बसून नळकांडं परत आलं, तेव्हा ती उडी मी दहादा ऐकून घेतली.

दोन महिन्यांनी इव्हेर्दों गावच्या जत्रेत पलीकडच्यांची पेटी वाजली, आणि सूर नेमका तिथेच उडाला. मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला.

ओलिंपला बोलावलं. मालक खिडकीबाहेर बघत राहिले, बोललो मीच.

"कुणाला दिलंत नळकांडं?"

"कुणाला देणार? मी भोकं भरते, फिलेमॉन. त्यातून काय वाजतं ते मला आजवर कुणी ऐकवलंय का?"

"वा! म्हणे ऐकलंच नाही!"

तिने टाचण्या खोचायचा चिमटा टेबलावर ठेवला आणि निघून गेली. गावात दुसऱ्या कुठल्याही कारखान्याने तिला काम दिलं नाही. चोर बाईच्या हाती नळकांडं कोण देईल? ती ओबँच्या चीजघरात फरशा घासायला लागली.

हिवाळ्यात एका सकाळी मी तिथे घरच्या गाईचं दूध घालायला गेलो. ओबँ कढईतून मान वर न काढता ओरडला, "झाली का शीळ सुरू! कान किटले बाबा, त्या उडीवाल्या चालीने!"

"कुठली उडीवाली?"

"आत्ता वाजवत होतास ती! गेल्या हिवाळ्यात याच बाकावर तो पलीकडच्या गावचा चाली बसवणारा तुला म्हणायचा, 'पुन्हा एकदा, काय सुंदर!' आणि तू फुगून पुन्हा वाजवायचास. तो कागदावर उतरवून घ्यायचा. मला वाटलं, तुमचं काही ठरलंय."

दिवसभर चाली ऐकायच्या, मग त्या ओठांवर येणारच. पण आपण शीळ घालतो याचंही मला भान नसायचं. कोपऱ्यात ओलिंप गुडघ्यांवर बसून फरशी घासत होती. मी तिच्यापाशी गेलो.

"ओलिंप, मी... मी मालकांना सांगतो. आत्ता जातो."

"त्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "कामावरून काढलंत त्याच संध्याकाळी मी जाऊन सांगितलं, चाल तुमच्या शिळेतूनच बाहेर गेली असणार. तुमची शीळ गावात कोणी ऐकली नाही?"

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, टाचण्या खोचणाऱ्या बाया वीस मिळतील. फिलेमॉनसारखा कान दुसरा नाही. आता पाय उचला, इथे ओलं आहे."

मी पाय उचलले. तिला कामावर परत घ्या, हे मालकांना सांगण्यापासून मला कुणी अडवलं नव्हतं. सोमवारी वेळेवर कारखान्यात गेलो, पेटी कानाशी धरली आणि खोट शोधायला लागलो.