मेलेल्यांच्या उतारावरची रताळी

पाटोला जिथं पुरलं होतं त्या उतारावर दोर्कासनं पहिलं फावडं मारलं, तेव्हा तिच्यासोबत गावातली सहा तरुण मुलं-मुली होती. दुपारपर्यंत तिघंच उरली.

पायवाटेवरून तबिथाकाकू ओरडली, "भावाच्या उशाशी खणतेस होय गं?"

"दहा पावलं लांब आहे, काकू."

"मेलेली माणसं पावलं मोजत नसतात."

गावाची सगळी शेती खालच्या खोलगट भागात, काळ्या मातीत. उतारावर कुणी फिरकत नसे. दोर्कास आठ वर्षांची असताना एका पहाटे दव गोठलं आणि दुपारपर्यंत रताळ्याच्या सगळ्या वेली काळ्या पडल्या. गाव उपाशीपोटी खालच्या दरीत नातेवाइकांकडे निघालं. दुसऱ्या दिवशी तीन वर्षांचा पाटो बापाच्या खांद्यावरच गेला. बाप लाकानी त्याला घेऊन माघारी आला आणि त्यानं त्याला उतारावर पुरलं. त्या वाटेवर मेलेल्या बाकीच्यांनाही तिथंच पुरलं. ते भुकेलेच गेले, म्हणून तिथं जे पिकेल ते त्यांचं; दुसऱ्या कुणी खाल्लं तर ते त्याला सोबत नेतात, असं गाव मानत होतं.

एकोणिसाव्या वर्षी दोर्कास तालुक्याच्या गावी हवामानाच्या वर्गाला दोन आठवडे राहून आली. येताना तिनं दोन तापमापक आणले. एक खाली शेतात रोवला, एक उतारावर. दोन महिने रोज पहाटे ती दोन्हीकडे चालत गेली, एकही दिवस चुकवला नाही. आभाळ निरभ्र असलं की खाली चार-पाच अंश जास्त थंडी असे. चर्चच्या अंगणात तिनं तरुणांना सांगितलं, "थंडी पाण्यासारखी खाली वाहते आणि खोलगट जागी साचते."

लाकानी मागं उभा होता. "पाणी मला दिसतं," एवढंच म्हणाला.

चौघांनी एकोणीस दिवसांत रताळ्याच्या वेली लावायला मातीचे बावीस ढीग घातले. ढीग मांडीइतका उंच, तीन पावलं रुंद, पोटात जुन्या वेली आणि गवत, वर हातानं फोडलेली भुसभुशीत माती. एका पोरानं पोटात गवत कमी भरलं, तर दोर्कासनं तो ढीग मोडायला लावला. दुसऱ्यांदाही कमीच भरलं, तेव्हा परत मोडायला लावला.

खणताना तिला पाठीमागं लहान मुलाचं घरघरतं श्वास घेणं ऐकू येई. त्या वर्गात याबद्दल कुणी काही शिकवलं नव्हतं. ती वळून बघत नसे आणि बाकीच्या तिघांना काही सांगत नसे.

पुढल्या वर्षी पाऊस आटला. ऑगस्टमध्ये, त्या डोंगराळ मुलखातल्या थंडीच्या दिवसांत, एका सकाळी खालची शेतं पांढरी होती. दुपारी ती काळी झाली.

लाकानीनं विणलेली झोळी भरली, डुकराच्या पायाला दोर बांधला. "चल."

"बाबा, उतारावर हिरवं आहे."

"माहीत आहे. पहाटे बघून आलो."

"मग?"

"ते त्याचं आहे."

चर्चच्या अंगणात माणसं झोळ्या घेऊन जमली होती. दोर्कास म्हणाली, "ढिगांतली रताळी म्हाताऱ्यांना आणि पोरांना पुरतील. वेली सगळ्यांना लावायला पुरतील. पण लावायला हात राहिले तर. सगळे गेलात तर परत तीच वाट."

"माझी नात तीन वर्षांची आहे," तबिथा म्हणाली. "वाटेवर ती टिकणार नाही, ते मलाही कळतं गं बाई. पण भुतांच्या ताटातलं तिला कशी देऊ? तू तरी खाल्लंस का?"

नव्हतं खाल्लं. वर्षभर राबून दोर्कासनं त्यातलं एकही रताळं तोंडात घातलं नव्हतं. पीक तयार नाही, असं ती सांगत आली होती. पीक कधीच तयार झालं होतं.

ती उतारावर गेली, दोन रताळी उकरून आणली आणि सगळ्यांसमोर राखेत भाजली. सालं काढली. ती तोंडाशी नेणार, तोच लाकानीनं मनगट धरलं.

"असं नाही. आधी त्याला."

एक रताळं घेऊन तो एकटाच वर गेला. थडग्यापाशी बसून बराच वेळ काहीतरी बोलला. काय ते खाली कुणाला ऐकू आलं नाही. रिकाम्या हातानं परत आल्यावर त्यानं दुसरं मोडलं, अर्धं लेकीला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. मग झोळी सोडली आणि फावडं घेतलं.

"ही गोष्ट वर्गात शिकवत नाहीत वाटतं," कुणीतरी म्हणालं.

अकरा कुटुंबं तरीही दरीकडे गेली. जाताना उताराकडे कुणी पाहिलं नाही. सात राहिली. राहिलेल्यांनी त्याच दिवशी लावणीसाठी वेली कापायला घेतल्या.

तबिथानं नातीला उतारावरच्या रताळ्याचा घास भरवला आणि संध्याकाळपर्यंत तिचं मनगट हातातून सोडलं नाही.