प्लांटच्या पाण्याची मेथी

अकोल्याच्या कडेला शहराचा नाला मोर्णेत पडतो, तिथंच आमचा भाजीचा मळा. बाबांची मोटर नदीत, म्हणजे खरं तर नाल्यातच. पाइपाच्या तोंडाला प्लास्टिकच्या पन्न्या अडकल्या की बाबा मांडीभर घाणीत उतरून त्या काढत. पाय कायम चिघळलेले. डॉक्टर मलम देऊन सांगायचे, पाण्यात उतरू नका. जसं काही बाबा हौसेनं पोहायला जायचे!

मग सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट झाला. तिथं जिवाणू घाण खातात, पाणी केसाहून बारीक छिद्रांच्या पडद्यांतून गाळलं जातं आणि शेवटी अतिनील दिव्यांखालून जातं. त्याची लाइन आमच्या बांधावर आली. नुसता व्हॉल्व्ह फिरवायचा. उन्हाळा सरेपर्यंत बाबांच्या पायांवर नवी कातडी आली. मला रडूच आलं.

आमच्यात मालाचा गुण ओरडून सांगायची रीत आहे. बाबा मला सोबत घेऊन जठारपेठेत हातगाडीवर गेले आणि ओरडले, "प्लांटच्या पान्याची मेथी! एकदम साफ पानी!"

नेहमीच्या बाईंनी विचारलं, "प्लांटचं म्हणजे संडासाचं?"

"मशीनीतून साफ केलेलं हाय ताई."

"शी! इतकी वर्षं नदीच्या पाण्याची चांगली भाजी देत होता की!"

इतकी वर्षं ती बाई नाला खात होती. मी बोलणारच होते, पण बाबांनी माझा हात दाबला. गिऱ्हाईक तोडायचं नसतं ना! दोन दिवसांत गल्लीभर बोभाटा झाला. जुड्या गाईंपुढे टाकाव्या लागल्या. सकाळी फिरायला निघालेले लोक मुद्दाम बांधावर येऊन प्लांटचा पाइप बघून जायला लागले.

बाबांनी तो पाइप काढला आणि मोटर पुन्हा नदीत सोडली.

"बाबा, पायाचं काय?"

"खरं बोललो तं माल सडते, खोटं बोललो तं खपते. मंग खरं काहून बोलू, सांग मले?"

शिकल्या-सवरल्या गिऱ्हाइकांचा मला इतका राग कधीच आला नव्हता. त्या बाई परत आल्या, मेथी हुंगली, म्हणाल्या, "आता कसा अस्सल वास!" बाबांनी त्यांना कोथिंबीर वर घातली.

आता बाबांच्या पायात चप्पल चढत नाही. गाडी मी नेते. नदीच्या पाण्याची मेथी, असं घसा ताणून ओरडते, आणि दुपारच्या आत सगळी खपते.