चोवीस हुक आणि तुराट्यांचा जाळ

अकोल्याची एसटी मेडशीच्या स्टँडवर लागली तेव्हा मी कॅनडाला निघाले होते आणि माझ्या हातात यादी होती. पासपोर्ट, प्रमाणपत्रं, दोन स्वेटर, तिखटाची पुडी. शेवटचा शब्द होता ‘कडं’. बाबांच्या जुन्या डफाचं लाकडी कडं. चामडं त्यांनी कधीच फाडून टाकलं होतं, रिकामं कडं माळ्यावर पडून होतं. मी ते गुपचूप बॅगेत घातलं होतं. बाबांना बॅगेचा आकार वेगळा वाटला. त्यांनी एसटीच्या दारातच चेन उघडली आणि कडं बाहेर काढलं.

“हे घेऊन चालली? मंग म्या कायले सोडलं?”

एवढंच बोलले. कंडक्टरनं घंटी दिली. खिडकीतून मागे पाहिलं तर बाबा ते कडं पाठीमागे लपवून उभे होते.

माझ्यानंतर गावातून निघालेल्या पोरांना हे माहीत नसेल, म्हणून सांगते. डफ आमच्या वस्तीनं वाजवायचा, हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. मोठ्या घरी लग्न निघालं की निरोप आमच्याकडे यायचा. मांडवाबाहेर उभं राहायचं, वरातीपुढे चालायचं, सगळ्यांच्या पंगती उठल्यावर बाजूला बसून जेवायचं. बाबांच्या तरुणपणी एका सकाळी वस्तीतल्या माणसांनी विहारासमोर डफ फाडले आणि गावाला सांगून टाकलं की आता बोलावू नका. त्या हंगामात त्यांना कुणी शेतात उभं केलं नाही. बाबा सायकलनं दुसऱ्या गावी मजुरीला जात, पण डफाला पुन्हा हात लावला नाही. आमच्या दारातून चामड्याचं वाद्य आत येणार नाही, हा त्यांचा शब्द होता.

त्यांची बोटं मात्र जेवताना ताटाच्या काठावर चालायची. आई म्हणायची, “ताट होय ते, डफ नोहोय.” मग बोटं थांबायची.

कॅल्गरीत मी एका हॉस्पिटलचं स्टोअर सांभाळते. किती ग्लोव्ह्ज, किती सलाइन, कुठलं बॉक्स कुठल्या शेल्फवर. हे काम मला जमतं आणि आवडतं. तिथं डेनिस नावाची सहकारी आहे, काळ्या लोकांमधली. एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, तिनं बँजो आणला. आपल्याकडच्या बँड पार्टीतला बटणांचा नाही. लांब दांडा, पाच तारा आणि डफासारखा ताणलेला गोल चेहरा. तिनं त्यावर बोटं टेकवली आणि माझ्या हातातली प्लेट तशीच राहिली. तारांच्या खालून डफाचा आवाज येत होता.

डेनिस म्हणाली, हे वाद्य गुलामीत आणलेल्या आमच्या माणसांनी बनवलं. पुढे त्यावरून आमचीच इतकी टिंगल झाली की माझ्या आजीनं ते घरात येऊ दिलं नाही. मी विचारलं, मग तू का वाजवतेस? ती म्हणाली, कारण ते माझं आहे, टिंगल करणाऱ्यांचं नाही.

त्याच आठवड्यात मी किट मागवलं. तयार बँजोही मिळत होता, पण मला तो माझ्या हातानं जोडायचा होता. बेसमेंटमध्ये टेबल लावलं, भिंतीवर यादी चिकटवली. लाकडी कडं घासायचं, तेल द्यायचं, दांडा बसवायचा, खुंट्या, घोडी, तारा. चेहरा ताणणारे चोवीस हुक समोरासमोर थोडे थोडे आवळायचे. तीन शनिवार गेले. यादीवर सगळ्या खुणा झाल्या, पण वाजवलं तर आवाज बद्द. आणि मग मी असं काही केलं, जे मेडशीच्या वस्तीतलंच माणूस करेल. डफ ढिला पडला की जाळावर शेकून ताणायचा, हे वस्तीत ऐकलेलं; चेहरा ढिला वाटतोय, म्हणजे शेकायला हवा, असं म्हणत मी तो स्टोव्हच्या तापलेल्या कॉइलवर धरला.

किटमधला चेहरा प्लास्टिकचा होता. क्षणात भाजलेल्या पापडासारखा आकसला.

मी नवी यादी केली. पहिल्याच ओळीत लिहिलं: बकऱ्याचं चामडं.

गेल्या माघात तो बँजो पाठीवर घेऊन मेडशीत उतरले. लपवला नाही. बाबा ओट्यावर होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झालेत, पण नजर पक्की.

“चामडं आहे त्याले?”

“आहे, बाबा.”

“माह्या दारातून हे येणार नाही, ठाऊक आहे ना?”

“तुम्ही सोडलं ते दुसऱ्याच्या हुकमावर वाजवणं. हे मी माझ्या हातानं केलं, मला वाटेल तेव्हा वाजवते, खुर्चीवर बसून. दारातून नाही तर ओट्यावर बसते.”

मी खुर्ची ओढली आणि बसले. तार छेडली, आवाज पडलेला. कॅल्गरीच्या कोरड्या हवेत ताणलेलं चामडं इथं सैल झालं होतं. मी हुकांची चावी काढली. प्लास्टिक शेकल्याची गोष्टही सांगून टाकली.

“प्लास्टिक शेकलं?” बाबा इतके हसले की आई आतून बाहेर आली. मग त्यांनी एका बोटानं चेहरा ठोकून पाहिला. पुन्हा ठोकला. “चावी कायले? तुराट्या आण.”

तुरीचं पीक निघालं होतं, अंगणात तुराट्यांचा भारा होता. बाबांनी जाळ केला आणि बँजोचा चेहरा वरून, हात हलवत, धरला. किती जवळ, किती वेळ, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नव्हतं. मग बोट मारलं. चामडं बोललं. आईनं तोंडाला पदर लावला.

आवाज गावात गेला. संध्याकाळी मोठ्या घरचा विलास आला. पोरगा वाईट नाही.

“तात्या, परवा दादाची वरात आहे. ताईनं थोडंसं फॉरेनचं वाजवलं तं रंगत येईल. जीपमधी बसवतो, चालाचं काम नाही.”

बाबा काय म्हणतात यावर माझा हा सगळा उद्योग उभा होता.

“ऐकाचं आहे?” बाबांनी विचारलं. “मंग इथं या. सतरंजी टाकतो, चहा पाजतो.”

“वरात इकडं कशी आणाची, तात्या?”

“थे तुमी पाहा.”

वरात आली नाही. लग्नानंतर दोन दिवसांनी विलास, नवरदेव आणि आणखी तिघं आले. सतरंजीवर बसले, आमच्या कपात चहा प्याले. बाबा आणि मी खुर्च्यांवर. मी वाजवलं, तीन ठिकाणी चुकले, थांबले नाही. बाबांची बोटं खुर्चीच्या हातावर चालली होती.

निघायच्या दिवशी बाबांनी माळ्यावरून ते जुनं कडं काढून दिलं. “घेऊन जाय आता.”

मी स्टूल घेतलं, खिळा ठोकला आणि कडं दारावर, बाहेरच्या बाजूनं टांगलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. जिथं वाजवायचं की नाही हे आम्ही ठरवतो आणि ऐकणारा आमच्या सतरंजीवर येऊन बसतो, ते माझं घर. मेडशीत असो नाहीतर कॅल्गरीत.

एसटीत बसल्यावर पहिल्या वेळची, जपून ठेवलेली यादी काढली आणि ‘कडं’ हा शब्द खोडला.