नकाराचा अध्याय

लोटनला नाही म्हणता येत नसे. हा त्याचा मोठा गुण आहे असं गाव म्हणायचं, कारण गावाचा त्यात फायदा होता. कोणी दारात येऊन बैलजोडी मागितली की लोटन बैल तर सोडून द्यायचाच, वर मागणाऱ्याकडे कडबा आहे की नाही याचीही चौकशी करायचा. त्याची गाडी त्याच्याच अंगणात उभी दिसली की येणारा-जाणारा थांबून विचारायचा, चाक मोडलं का म्हणून.

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या दोन-चार वर्षांतली. दोंडाईच्यापासून दोन कोसांवर आमचं गाव, आणि लोटनचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. मला त्याचा राग यायचा, खरं सांगते. बायको झुंबरबाई डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन घरी यायची आणि वाटेत तिला तिचेच बैल दुसऱ्याची गाडी ओढताना भेटायचे. ती बैलांकडे बघायची, बैल तिच्याकडे बघायचे, आणि दोघंही आपापल्या वाटेनं जायचे.

पण लोटनचा आवाज! तो मात्र मानायलाच हवा. एरवी दोन शब्द बोलायला अडखळणारा हा माणूस मारुतीच्या देवळात पोथी वाचायला बसला की सगळा पार भरून जायचा. घोंगडीवर तो, पुढ्यात पाट, पाटावर लाल कापडातली पोथी. तिथून त्याच्या तोंडून जे निघेल ते लोक हात जोडून ऐकत. एकदा वाचता वाचता दिवा मंद झाला, तेव्हा यानं त्याच चालीत 'समईत तेल घाला' म्हटलं, तर पुढच्या बायकांनी डोळे मिटून नमस्कार केला. तेल शेवटी त्यालाच उठून घालावं लागलं.

आता मूळ दुखण्याकडे येते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या होतात, आमरस होतो. बाकी सगळं वर्ष पोरी त्या दिवसांवर काढतात. पण पोरीनं आपली आपण यायचं नसतं. माहेरची गाडी न्यायला जावी लागते. लोटनची एकुलती एक पुष्पा साक्रीकडच्या गावात दिलेली, गाडीनं एका मुक्कामाची वाट. तिच्या लग्नानंतरची पहिली आखाजी आली आणि गाडी नेमकी गावातल्या मातब्बर अभिमननानांच्या शेतात खत वाहत होती. नानांच्या स्वतःच्या दोन बैलजोड्या होत्या. त्या उन्हाचा त्रास नको म्हणून सावलीत बांधलेल्या. नाना म्हणाले अजून एक खेप, लोटन म्हणाला बरं, आणि आखाजी निघून गेली.

पुढे कोणाकडून तरी कळलं की पोर लुगडं नेसून, गाठोडं बांधून दिवसभर दारात उभी होती. सासू काही वाईट बोलली नाही. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या वर्षी चैत्र लागता लागता झुंबरबाई नवऱ्याला एवढंच म्हणाली, "गये साल पोर दारमा उभी राहीसन वाट दखी ऱ्हायनी व्हती. औंदा मी काही सांगाव नही." आणि खरंच त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही. लोटनची झोप उडाली.

त्याच दिवसांत शालिग्राम पुस्तक घेऊन आला. शालिग्राम आमच्याच गावचा, धुळ्याला शिकलेला, दोंडाईच्याला कापसाच्या जिनात कारकून. पुस्तक माणसानं आपली उन्नती आपण कशी करावी याविषयी होतं. पिवळा पुठ्ठा, आत एका मिशीवाल्या साहेबाचं चित्र. सगळ्या गावाची एकदमच उन्नती करून टाकावी असं शालिग्रामच्या मनात आलं. त्याचा आवाज होता किरटा, म्हणून वाचायला लोटनला बसवायचं ठरलं.

चूक झाली ती इथे. लोटन वाचणार म्हटल्यावर कोणीतरी सवयीनं पाट मांडला. कोणीतरी लाल कापड आणलं. बायकांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की आता हे मध्येच सोडता येणार नाही. नारळ फोडून लावलेली पोथी समाप्तीपर्यंत न्यावीच लागते. पुस्तक आवडो न आवडो, रोज दिवेलागणीला येऊन बसणं आलं.

पहिल्याच दिवशी 'पहाटे उठावे' हा अध्याय निघाला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या गावात पहाटे उठत नाही असा एक शालिग्रामच होता. दुसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या कोण्या साबणवाल्याची कथा आली. तो म्हणे फाटक्या सदऱ्यानं घरातून निघाला आणि कष्टानं लक्षाधीश झाला. बायकांना ती आवडली. फक्त त्याला शेवटी देव भेटला का, हे त्यांनी फार आस्थेनं विचारलं, आणि भेटला नाही म्हटल्यावर त्यांचा विरस झाला.

होता होता गावात दोन तट पडले. अभिमननाना पुस्तकाच्या बाजूचे. 'संकोच सोडून मागावे, मागणाऱ्यासच मिळते' असं त्यात एका ठिकाणी होतं, ते त्यांनी तोंडपाठ केलं. एवढं व्यवहाराचं पुस्तक आपण उभ्या आयुष्यात ऐकलं नाही, असं ते पारावर सांगत. विरुद्ध बाजूला म्हातारा पुना. याची जीभ तिखट, आणि कामधंदा आता उरलेला नव्हता, त्यामुळे तिला विश्रांतीही नव्हती. एके ठिकाणी पुस्तक म्हणतं कमी बोला, दुसरीकडे म्हणतं बोलून माणसं जिंका, हे त्यानं बरोबर पकडलं. "हाई पुस्तक लिखनारा जेवाना पहिले एक सांगस, जेवन व्हयनं का दुसरं," असं त्याचं मत. तरी तो रोज सगळ्यात आधी येऊन पुढे बसे. मला विचाराल तर दोघांनीही पुस्तक ऐकलंच नव्हतं. नानांनी आपल्या सोयीचं तेवढं ऐकलं आणि पुनानं गैरसोयीचं.

आखाजी तोंडावर आली. शेवटचे दोन अध्याय उरले होते. त्या संध्याकाळी वाचन आटोपल्यावर नाना सगळ्यांसमक्ष लोटनला म्हणाले, "लोटन, परवा तुनी गाडी लागी. समाप्तीना गूळ आननं शे, जाता-येता खतन्या चार खेपा व्हई जातीन. पुस्तकमाच सांगेल शे, मांगाले संकोच करानं नही."

परवा म्हणजे पुष्पाला आणायला निघायचा दिवस. हे देवळातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नानांनाही होतं.

लोटन पोथी बांधत होता. "लई जा, नाना," तो म्हणाला. शब्द बाहेर पडल्यावर त्याचं त्यालाच कळलं आणि त्याचा हात लाल कापडावर तसाच राहिला. बायकांत बसलेली झुंबरबाई उठली, पदर सारखा केला आणि घरी गेली. त्या रात्री भिंतीपलीकडून भांड्याचासुद्धा आवाज आला नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी देऊळ भरलं. झुंबरबाई येऊन खांबाजवळ बसली. लोटननं पान उलटलं आणि मथळा वाचला: 'नकार देण्याचे धैर्य'. मी तिथेच होते. त्याचा आवाज पहिल्यांदाच पोथीवर कापला.

पण चाल सुटली नाही. वाचत वाचत तो एका वाक्याशी आला: 'जो मनुष्य नकार देण्यास भितो, तो आपल्या घराचा धनी नव्हे.' पोथीतलं महत्त्वाचं वाक्य तीनदा म्हणायची आमच्याकडे रीत. त्यानं एकदा म्हटलं. लोकांनी हात जोडले. दुसऱ्यांदा म्हटलं. नानांनी डोळे मिटून मान डोलावली, बहुधा हे दुसऱ्या कोणाला तरी लागू आहे असं वाटून. तिसऱ्यांदा म्हणायला लोटननं तोंड उघडलं आणि पुस्तकावरून नजर वर केली. खांबाकडे पाहिलं. मग त्याच चालीत, त्याच भरल्या आवाजात, तो म्हणाला:

"अभिमननाना, गाडी भेटाव नही. गाडी पोरले लेवाले जाई ऱ्हायनी."

आणि सगळ्या देवळानं सवयीनं हात जोडले. नानांचेही जोडले गेले. आपण कशाला नमस्कार केला हे त्यांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. पोथीच्या पाटावरून निघालेला शब्द, त्याला उलट काय बोलणार? ते दोनदा खाकरले आणि मांडी बदलून बसले.

शेवटचा अध्याय राहिला होता आणि वाचणारा तर पहाटेच निघणार. अर्धवट पोथीचा दोष लागेल म्हणून कुजबुज सुरू झाली. तेव्हा पुना उठला. ज्या कामाले पोथी लावतस ते व्हई गयं का समाप्ती, असं त्यानं जाहीर केलं, स्वतःच्या हातानं नारळ फोडला आणि आरती सुरू केली. त्यामुळे माणूस शेवटी यशस्वी होतो कसा, हे आमच्या गावाला आजतागायत कळलेलं नाही.

पुढे मात्र गंमत झाली. नाना पुस्तकाच्या विरुद्ध गेले. असल्या पुस्तकांनी माणसं बिघडतात, शेजारधर्म राहत नाही, असं ते सांगू लागले. आणि पुना ज्याला त्याला म्हणायचा, पुस्तक असावं तर असं. दोघं पारावर यावरून वर्षानुवर्षं भांडले. शालिग्रामनं पुस्तक परत मागितलं तर झुंबरबाईनं दिलं नाही. ते लाल कापडात बांधून तिनं देव्हाऱ्यात ठेवलं होतं. लोटनचं म्हणाल तर तो सुधारला वगैरे काही नाही. त्याचे बैल पुन्हा गावभर फिरू लागले. फक्त आखाजीच्या आठवड्यात गाडी मागायला त्याच्या दारात कोणी जाईनासं झालं.

पण हे सगळं नंतरचं. पुढचं मला पुष्पानंच सांगितलं. वाटेत एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना लोटनची गाडी साक्रीकडच्या त्या गावात शिरली. सगळ्या वाटेनं तो पोर दारात उभी दिसेल म्हणून बघत आला होता. ती दारात नव्हती. औंदा ती उभीच राहिली नव्हती. तिनं लुगडं बदललं नव्हतं, गाठोडं बांधलं नव्हतं, मागच्या अंगणात दळत बसली होती. लोटननं हाक मारायला तोंड उघडलं, तर देऊळ भरून टाकणारा आवाज त्याला सापडेना. बैलांच्या घुंगरांवरून सासूलाच कळलं आणि तिनं सुनेला बाहेर धाडलं.

पिठाचे हात तसेच धरून पुष्पा दारात आली. बापाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

"आबा," ती म्हणाली, "गाडी कोनाकडथीन मांगी आनी?"

"आपलीच शे," लोटन म्हणाला, आणि खाली उतरून तिच्यासाठी गाडीतली घोंगडी नीट अंथरू लागला.