आक्षेपाचे दोन रुपये

दिनांक २० नोव्हेंबर २०२४, बुधवार, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. रक्कम रुपये दोन फक्त, एकच नाणं. हजर: केंद्राध्यक्ष मॅडम, त्यांच्या हाताखालचे तीन मतदान अधिकारी, दारात एक पोलीस, बाकावर दोन उमेदवारांचे आम्ही दोन प्रतिनिधी, आणि जिच्या मतावर मी आक्षेप घेतला ती बाई. तिच्या हातात दुधाची किटली होती. पुढं सगळं त्या किटलीवर आलं, म्हणून तिचीही नोंद करतो.

जागा म्हणजे निमोण्याच्या शिवारातली आमच्या वस्तीची शाळा. मतदान विधानसभेचं. उमेदवाराचा प्रतिनिधी खोलीत मतदारयादीची प्रत घेऊन बसतो आणि कोण येऊन गेलं त्यावर खूण करतो. कुणी दुसऱ्याच्या नावावर मत द्यायला आलंय असं वाटलं, तर त्याला आक्षेप घेता येतो. त्यासाठी आधी दोन रुपये भरावे लागतात. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथं चौकशी करतात. आक्षेप नुसता त्रास द्यायला घेतला असं ठरलं तर दोन रुपये सरकारजमा होतात, नाहीतर भरणाऱ्याला परत मिळतात. हा नियम गावात कुणाला माहीत नसतो. मला माहीत होता. दर निवडणुकीला मी सदऱ्याच्या खिशात दोन रुपयांची पाच नाणी घेऊन जायचो आणि पाचही परत आणायचो.

माझं पहिलं मत १९९५ चं. गुलाबी कागद, रबरी शिक्का, शाई दुसऱ्या चिन्हावर उमटू नये म्हणून उभी घडी घालायची. १९९९ ला लोकसभा आणि विधानसभा एकाच दिवशी होत्या. त्या वेळी मी पहिल्यांदा प्रतिनिधी म्हणून बसलो. २००४ ला यंत्राचा लांब आवाज ऐकून एक म्हातारा दचकून बाहेर पळाला होता, ते मी पाहिलं आहे. २००९ ला हद्दी बदलल्या. आमच्या शिरूर तालुक्यातली काही गावं शेजारच्या मतदारसंघात गेली आणि हवेली तालुक्यातली काही आमच्यात आली. २०१९ ला यंत्राशेजारी चिठ्ठी दाखवणारी खिडकी आली, चिठ्ठी सात सेकंद दिसते. कोण कधी निवडून आलं हे मला सांगताना चुकेल, पण आमच्या खोलीत किती मतं पडली ते सहाही वेळचं माझ्याकडे लिहिलेलं आहे.

या सगळ्यात एक गोष्ट फार हळू बदलली. सुरुवातीला अधिकारी बाईला विचारायचे, नवऱ्याचं नाव काय, तर बाई मान खाली घालायची आणि मागची कुणीतरी ते नाव सांगायची. आता तरुण बायका पटकन सांगतात. वयस्कर अजून सांगत नाहीत.

दुसरी अडचण नदीची. भीमेच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. आमच्या वस्तीतल्या निम्म्या सुना पलीकडच्या, वरवंड-पाटस भागातल्या. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं जातं आणि त्या दिवसापासून बाई त्या नावाची होते. माहेरचं नाव माहेरी राहतं. यादी करणाऱ्याला ते ताट माहीत नसतं. एकाच बाईची दोन नावं दोन तालुक्यांत निघतात, कधी एकाच यादीत निघतात. बोटाची शाई पुसून दोन्हीकडे मतं दिल्याचे किस्से पूर्वी लोक हसत सांगायचे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

म्हणून मी यादी आली की घराघरानं तपासतो. मयत, बाहेरगावी, लग्न होऊन गेली, अशा खुणा करतो. या वेळी पुरवणी यादीत एक नाव निघालं, ज्यापुढं मी ‘माहीत नाही’ असं लिहिलं. घर माझ्या माहितीतलं, माझ्यापासून चौथं. नवऱ्याच्या जागी जे नाव होतं तो माणूस आमच्या भावकीतला, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, वारून अकरा वर्षं झालेली. त्याची बायको एकच. तिला मी वहिनी म्हणतो. तिचं नाव मला ठाऊक होतं आणि ते हे नव्हतं. माझ्या बायकोला विचारलं, तिलाही हे नाव ठाऊक नव्हतं. खुद्द वहिनींना विचारता आलं असतं, पण परक्या बाईला तुमचं माहेरचं नाव काय, असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. आणि खरं सांगायचं तर ही दोन नावांची एकच बाई असेल हे मला सुचलंच नाही. मला वाटलं, मेलेल्या माणसाच्या नावामागं कुणीतरी खोटी बायको घुसवली आहे.

आता मागचं. नवरा गेल्यावर वहिनी वरवंडला भावाकडे जाऊन राहिल्या. त्याच सुमारास आमच्या अंगणवाडीच्या बाई याद्या दुरुस्त करायला माझ्याकडे आल्या. मी सांगितलं, ती माहेरी गेली, स्थलांतरित लिहा. त्या दिवशी ते खरं होतं. दीड वर्षानं वहिनी दोन गाई घेऊन परत आल्या. मी यादीला पुन्हा हात लावला नाही, कारण मला कुणी विचारलं नाही. २०१९ ला त्या मत द्यायला आल्या तेव्हा नाव नव्हतं. मी याच बाकावर होतो.

“कुणी काढलं वो भावजी?” त्यांनी विचारलं होतं.

“यादी वरनं येते, वहिनी,” मी म्हणालो होतो.

यादी वरूनच येते. हे वाक्य मी पाच वर्षं खरं म्हणून धरलं होतं.

तर त्या संध्याकाळी त्या हातात चिठ्ठी आणि किटली घेऊन आत आल्या. पहिल्या अधिकाऱ्यानं अनुक्रमांक आणि नाव मोठ्यानं वाचलं. ते माझं ‘माहीत नाही’ होतं. मी उभा राहिलो आणि दोन रुपये टेबलावर ठेवले.

मॅडम मुंबईकडच्या कुठल्यातरी कार्यालयातल्या होत्या, पहाटेपासून एका खुर्चीवर बसून थकलेल्या. म्हणाल्या, “आक्षेप? नक्की? आक्षेपाच्या कागदांचं पाकीट मी उघडलेलंसुद्धा नाही.”

“नक्की.”

माझ्या शेजारचा प्रतिनिधी समोरच्या उमेदवाराचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तो म्हणाला, “तात्या, खाली बसा. वहिनी हायेत त्या. रोज दूध घालत्यात तुमच्याकडं.”

“म्हणूनच म्हणतो. यांचं नाव हे नाही.”

“मग काय हाय माझं नाव?” वहिनींनी विचारलं.

मी सांगितलं.

“ते तर मागच्याच खेपेला गेलं,” त्या म्हणाल्या.

मॅडमनी पावती फाडली, पुस्तिका काढून कलम वाचलं आणि म्हणाल्या, “ताई, ती किटली आधी बाहेर ठेवा.”

“कुत्रं तोंड घालील. सहा लिटर हाय.”

“मी बघतो की,” पोलीस दारातून म्हणाला.

“तुमी बघाल. कुत्रं तुमचं ऐकंल का?”

किटली आतच राहिली. मॅडमनी नियमाप्रमाणे बजावलं, दुसऱ्याच्या नावावर मत देणं गुन्हा आहे, शिक्षा होऊ शकते. मग यादीतली नोंद वाचून विचारलं, ही व्यक्ती तुम्हीच का?

“व्हय. मीच.”

“नवऱ्याचं नाव?”

वहिनींनी मान खाली घातली. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “भावजी, तुमी सांगा.”

“वहिनी, आक्षेप मी घेतलाय.”

“घेतलाय तर घेतलाय. नाव सांगाया काय जातंय? ते व्हते तवा मी कवा तोंडानं घेतलं न्हाई, आन् आता घेऊ व्हय?”

मी नाव सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं.

शेजारचा म्हणाला, “आक्षेप बी ह्यांचा आन् साक्ष बी ह्यांचीच.”

वहिनींनी आधार कार्ड दिलं. त्यावर पुरवणी यादीतलंच नाव होतं, पण पुढं वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, पत्ता वरवंड. यादीतला फोटो म्हणजे नुसता काळा चौकोन होता.

मॅडम म्हणाल्या, “पहिलं नाव जुळतंय. पण या कार्डातली बाई त्यांचीच बायको, हे यावरून कळत नाही.”

“तेच माझं म्हणणं आहे,” मी म्हणालो.

“माहेरचं नाव हाय ते माझं,” वहिनी म्हणाल्या. “भावाकडं व्हते तवा त्यानं कार्ड काढलं, शाळेतल्या दाखल्यावरनं. आन् पोरानं त्याच कार्डावरनं फार्म भरला. सणसवाडीत कंपनीत हाय त्यो. म्हणला, आई, आता नाव आलं, जा बिनघोर.”

“मुलाला बोलावता येईल?”

“सेकंड शिप्ट हाय त्याची. रात्री अकराला सुटंल.”

मतदान सहाला संपणार होतं. घड्याळात पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मॅडम माझ्याकडे वळल्या. “तुम्ही यांचं जे नाव सांगता, ते यादीत आहे का?”

“नाही. काढलेलं आहे.”

“कशावरून काढलं?”

इथं मला गप्प बसता आलं असतं. चौकशी वहिनींची होती, माझी नव्हती. पण विचारलेल्या आकड्याला मी आजवर चुकीचं उत्तर दिलेलं नाही, मग नावाबद्दल विचारल्यावर का द्यायचं, असं काहीसं मनात आलं असेल. मी म्हणालो, “मी कळवलं होतं. या माहेरी गेल्या, म्हणून. परत आल्या ते कळवायचं राहिलं.”

वहिनी माझ्याकडे वळल्या. “तुमी व्हय?” त्या म्हणाल्या. “यादी वरनं आली व्हती न्हवं?”

 

मॅडम म्हणाल्या, “म्हणजे तुमचा आक्षेप मान्य केला, तर यांना मत कुठंच नाही.”

“हो.”

“आणि मी पुराव्याशिवाय कसं ठरवू?”

वहिनींनी खाली ठेवलेली किटली दोन्ही हातांनी उचलली आणि मॅडमच्या टेबलावर, कागदांच्या शेजारी ठेवली. “ह्ये वाचा,” म्हणाल्या.

बोटाला शाई लावणारा अधिकारी जवळ होता. त्यानं रुमालानं स्टीलची कड पुसली आणि वाकून वाचलं. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती, घासून झिजलेली, तरी लागत होती. चिरंजीव अमुक व चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी तमुक यांस लग्नानिमित्त मामाकडून सप्रेम भेट, मुक्काम वरवंड. अमुक म्हणजे भावकीतला माझा भाऊ. तमुक म्हणजे पुरवणी यादीतलं नाव.

“मामानं दिली,” वहिनी म्हणाल्या. “मांडवात. तांदळातलं नाव तवा पडायचं व्हतं.”

मॅडमनी स्वतः उठून वाचलं. मग मला वाचायला बोलावलं.

मी दूध संकलन केंद्र चालवतो. वहिनी परत आल्यापासून ती किटली दिवसातून दोनदा माझ्या टेबलावर येते. खातं क्रमांक सत्तेचाळीस, अजून मेलेल्या नवऱ्याच्या नावावर. त्या गाईंचं फॅट उन्हाळ्यात किती उतरतं, वासरू लहान असताना दूध किती येतं, हे मला वही न उघडता सांगता येतं. किटली ठेवली की ती अक्षरं माझ्याच बाजूला येतात, कारण कडीचा जोड पलीकडे असतो. ती मी वाचली नव्हती. सगळ्यांच्याच भांड्यांवर काही ना काही कोरलेलं असतं.

“तुमचं काय म्हणणं आहे?” मॅडमनी विचारलं.

“आक्षेप टिकत नाही,” मी म्हणालो.

त्यांनी तसं लिहिलं. आक्षेपित मतांच्या यादीत वहिनींची सही घेतली. सही त्यांनी पहिल्या, माहेरच्या नावानं केली, अक्षर शाळकरी आणि मोठं. डाव्या हाताच्या बोटाला शाई लागली. त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेल्या, यंत्राचा आवाज झाला, चिठ्ठी पडेपर्यंत थांबल्या आणि बाहेर आल्या. मी माझ्या प्रतीतलं ‘माहीत नाही’ खोडलं आणि खूण केली.

किटली उचलताना त्या म्हणाल्या, “भावजी, डेरीतलं खातं माझ्या नावावर करायचं तर काय काय लागंल?”

“अर्ज आणि आधार कार्ड. मृत्यूचा दाखला.”

“आन् किटली?”

शाई लावणारा अधिकारी आधी हसला, मग मॅडमसुद्धा.

“किटली नको,” मी म्हणालो.

“मग बरं. दूध नासंल, जाते मी. जाऊबाई बसल्यात न्हवं सेंटरवर?” आणि त्या गेल्या.

मॅडमनी नाणं माझ्यापुढं सरकवलं. मी म्हणालो, “ते जप्त करा.”

“त्रास द्यायचा म्हणून आक्षेप घेतला होता का?”

“नाही. खरंच वाटलं होतं मला.”

“मग जप्त करता येत नाही. नियमात परत द्यायचे आहेत.”

“मी घेत नाही म्हटलं तर?”

“तर माझा हिशोब जुळणार नाही,” त्या म्हणाल्या. “आणि मला आज यंत्र जमा करून परत जायचं आहे.”

शेजारचा म्हणाला, “घ्या, तात्या. चहा तर येणार न्हाई त्यात.”

सहाला दार बंद झालं. यंत्रावर सील झालं, माझी सही झाली. पडलेली मतं आणि नोंदवहीतल्या सह्या मी दोनदा ताडून पाहिल्या, जुळल्या. आक्षेपित मतांच्या यादीत एकच ओळ होती. आक्षेप फेटाळला. शुल्क रुपये दोन, परत. कोणास: आक्षेप घेणाऱ्यास. त्यापुढं माझी सही आहे.